प्रकाश तेवढाच

सदाशिवनगरच्या माळावर वारीतल्या गोल रिंगणाची सगळी तयारी झाली होती. मधोमध पालखी, तिच्याभोवती दिंड्या, मग अश्वांच्या धावेसाठी मोकळी सोडलेली गोल वाट आणि तिच्या बाहेर पुन्हा माणसंच माणसं. अश्व यायला अवकाश होता. टाळांच्या ठेक्यावर लोक जागच्या जागी झुलत होते. त्या रिंगणाच्या कडेला एक वयस्क छायाचित्रकार उभे होते. खांद्याला दोन कॅमेरे, डोक्याला रुमाल. त्यांनी उजवा हात समोर लांब केला, तळवा स्वतःकडे वळवला आणि त्याच्याकडे रोखून पाहिलं. सूर्यावरून ढगाचा एक पदर सरकला तसा त्यांनी पुन्हा हात पुढे केला, तळवा थोडा कलता केला, परत पाहिलं आणि नजर न हलवता डाव्या हाताने लेन्सवरचं कडं एक खाच फिरवलं. कॅमेरा मात्र छातीवरच राहिला. फोटो काढण्यासारखं अजून काहीच घडलेलं नव्हतं.

तळहातावरून उजेड जोखायची ही रीत जुनी आहे. माणसांच्या चेहऱ्यांचे रंग कितीही वेगवेगळे असोत, तळव्यांमध्ये त्या मानाने फारच थोडा फरक असतो. मीटर ज्या राखाडी रंगावर बेतलेलं असतं त्याहून तळवा साधारण एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, उजळ. म्हणून तळव्यावरचा प्रकाश मोजायचा आणि एक स्टॉप उघडायचा, झालं. त्या गृहस्थांना मीटरचीही गरज पडत नव्हती. हातावरच्या रेषा किती गडद दिसतात, अंगठ्याच्या उंचवट्याची सावली किती धारदार पडते, एवढ्यावर त्यांचा हिशेब पुरा होत होता. पहाटे डोळे उघडल्यावर आधी स्वतःचे हात पाहावेत, मग जमिनीला पाय लावावा, असं आपल्याकडे लहान मुलांना शिकवतात. त्यात देवांची आठवण आहेच. पण दिवसाचा पहिला उजेड माणूस दुसऱ्या कशावर पाहण्याआधी स्वतःच्या हातावर पाहतो, हेही मला त्यात तितकंच मोलाचं वाटतं.

फोटोबद्दल पुष्कळ बोललं जातं. त्याच्या अलीकडचं हे अर्धं-पाऊण मिनिट मात्र कुणाच्या खिजगणतीत नसतं. शटर किती, अॅपर्चर म्हणजे लेन्सचं छिद्र किती, आयएसओ किती, हे ठरवण्याचा तो वेळ. बाहेरून पाहणाऱ्याला ती आकड्यांची खटपट वाटते. मला वाटतं, माणूस त्याच वेळात समोरच्या जगाकडे सगळ्यांत नीट पाहत असतो. ऊन कुठून येतंय, कशावर आपटून परत फिरतंय, कुणाच्या डोळ्यांवर टोपीची सावली आली आहे, वारा पताकांना किती जोरात ओढतोय, हे सगळं त्याला पाहावंच लागतं. एकदा कॅमेरा डोळ्याला लागला की चौकट येते आणि चौकटीबाहेरचं सुटतं.

मीटरची एक ठाम समजूत असते. समोर जे काही आहे ते सरासरीने मध्यम राखाडी आहे, असं ते धरून चालतं. पडलेल्या प्रकाशातला साधारण १८ टक्के परत पाठवणारी राखाडी. बाजारपेठेत, बसस्थानकावर, घरात हा अंदाज बऱ्यापैकी जमतो. वारीत तो कोसळतो. धोतर पांढरं, बंडी पांढरी, टोपी पांढरी, आणि वर आषाढातलं पांढुरकं आभाळ. इतका पांढरा रंग एकदम समोर आला की मीटरला वाटतं प्रकाश फार झाला, आणि ते तो आखडून धरतं. मग धुवट टोप्या मळकट होतात आणि आधीच रापलेले चेहरे त्यांच्याखाली बुडून जातात. उलट वेरूळला कैलास लेण्यासमोर उभं राहिलं की तो काळा बेसॉल्ट पाहून मीटर प्रकाश वाढवत जातं आणि दगड राखेसारखा फिका पडतो. म्हणजे पांढऱ्यासाठी प्रकाश वाढवायचा आणि काळ्यासाठी कमी करायचा. नवीन माणसाला हे उफराटं वाटतं. पण काळ्याचा काळेपणा आणि पांढऱ्याचा पांढरेपणा राखायचा असेल तर यंत्राच्या सरासरीला कुणीतरी नाही म्हणावं लागतं, आणि ते म्हणण्यासाठी आधी स्वतःला माहीत असावं लागतं की समोरचा दगड किती काळा आहे.

मामाकडे अॅग्फाचा क्लिक थ्री होता. बडोद्याला तयार होणारा, काळा, हलका. १२० चा रोल, त्यात बारा चौकोनी फोटो. ठरवायला त्यात फार काही नव्हतंच. ऊन की ढग, एवढं एकच तो कॅमेरा विचारायचा. पण मामा त्या एका प्रश्नावर अंगणात बराच वेळ घालवायचा. आम्हा भावंडांना पायरीवर रांगेत उभं करून तो मान वर करून आभाळाकडे बघत राहायचा. हे मळभ म्हणायचं की नुसतं झाकोळून आलंय? आता ऊन पडेल, थांबा जरा. आम्ही थांबायचो. धाकटी कंटाळून खाली बसायची, आजी पदर सारखा करून पुन्हा ताठ व्हायची. तेवढ्या वेळात मीही आभाळाकडे बघायला शिकलो. ढगाची कड उजळू लागली की ऊन किती वेळात जमिनीवर उतरतं, ते आधी समोरच्या कौलांवर येतं, मग पायऱ्यांवर, हे मला ठाऊक झालं ते त्या रांगेत उभं राहून.

पुढे पस्तीस मिलिमीटरचे रोल हाती आले. त्यांच्या खोक्यातून घडी घातलेला एक कागद निघे. त्यावर चित्रं असत: लख्ख सूर्य, धूसर सूर्य, ढग, सावली, आणि प्रत्येकाखाली आकडे. सगळ्या जगातल्या छायाचित्रकारांना तोंडपाठ असलेला नियमच तो. कडक उन्हात अॅपर्चर एफ/१६ ठेवावं. १०० च्या फिल्मला शटर १/१२५ च्या आसपास, ४०० च्या फिल्मला १/५०० च्या. ऊन मऊ झालं की एफ/११, ढग आले की एफ/८, दाट ढगांत एफ/५.६. आकडे आपल्याकडेही चालतात. सावल्यांचं काय करायचं ते मात्र तो कागद सांगत नाही. मे महिन्यात आपल्या भागात एके दिवशी भरदुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या काठीला सावलीच उरत नाही. त्या सुमाराला शेतात उभ्या असलेल्या माणसाचे डोळे भुवयांखालच्या काळोखात गेलेले असतात. कागदावरचा एफ/१६ त्याच्या खांद्यांना बरोबर असतो, डोळ्यांना नसतो. मग खांद्यांवरचं ऊन जळू द्यायचं की डोळे हरवू द्यायचे, हे त्याच्यासमोर उभं राहून ठरवावं लागतं. मराठीत उन्हाला जी नावं आहेत, कोवळं, तिरपं, कलतं, रणरणतं, ती माझ्या लेखी त्या कागदावरच्या चित्रांहून अधिक कामाची आहेत. कलत्या उन्हात डोळे उघडतात. रणरणत्या उन्हात माणूस फोटोसाठी नव्हे, तर सावलीसाठी जागा शोधत असतो, आणि फोटो काढणाऱ्यानेही तेच करावं.

कॅमेऱ्याच्या आकड्यांतली एक गोष्ट मला अजूनही थक्क करते. एफ/८ आणि १/२५० घ्या. किंवा एफ/५.६ आणि १/५००. किंवा एफ/११ आणि १/१२५. तिन्ही वेळा आत येणारा प्रकाश तेवढाच. छिद्र जेवढं मोठं केलं तेवढा वेळ कमी केला, एवढाच व्यवहार. १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ हे आडनिडे आकडे दोनाच्या वर्गमुळाने वाढत जातात, कारण छिद्राचा व्यास तेवढ्या पटीने घटला की क्षेत्रफळ निम्मं होतं. शाळेत वर्तुळाचं क्षेत्रफळ शिकताना फळ्यावर नुसती वर्तुळं होती. हेच सूत्र पुढे एखाद्या माणसाच्या मागची गर्दी ठेवायची की पुसायची ते ठरवणार आहे, याची कल्पना तिथे कुणालाच नव्हती.

कारण प्रकाश तेवढाच असला तरी चित्रं तीन निघतात. छिद्र मोठं केलं तर मागची माणसं विरघळतात. लहान केलं तर ती जागच्या जागी राहतात, पण मधेच हललेला हात पुसट होतो. वारीतला एक फोटो अलीकडे फार दिसतो. सुरकुतलेला चेहरा, कपाळाला बुक्का, डोळ्यांत पाणी, आणि मागचं सगळं रंगांच्या डागांत विरलेलं. तो सुंदर असतो, यात वाद नाही. पण ती आजी एकटी आलेली नाही. तिच्या मागे तिच्या दिंडीतली माणसं आहेत, डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेली बाई आहे, पायातली चप्पल तुटली म्हणून ती हातात धरून चालणारा कुणी आहे, आणि रात्री हीच माणसं एका राहुटीत दाटीवाटीने झोपणार आहेत. एफ/२ ला ती सगळी निघून जातात. वारीत मी एफ/८ धरून ठेवतो. चेहऱ्याची किंमत त्याने थोडी कमी होते असं म्हणणारे मित्र आहेत. मला तसं वाटत नाही. चेहरा कुठून आला ते त्यात दिसतं.

अश्व आले. दोन असतात. एकावर पताका घेतलेला स्वार, दुसऱ्यावर कुणीच नाही. ती पाठ ज्ञानेश्वर माउलींची. अंकलीच्या शितोळे सरकारांकडून हे अश्व येतात आणि आळंदीपासून पंढरपूरपर्यंत पालखीबरोबर चालतात. रिंगणात ते धावू लागले की हजारो गळ्यांतून एकच आवाज उठतो आणि आधी ठरवलेले सगळे आकडे त्या आवाजासमोर परीक्षेला बसतात. १/१००० ठेवलं असेल तर खूर जमिनीपासून उचललेले, आयाळीचा केस न् केस सुटा, खुरांनी उडवलेलं मातीचं ढेकूळ हवेत थांबलेलं. वर्तमानपत्रांना हाच फोटो हवा असतो. धावताना घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीपासून सुटलेले असतात, हे १८७८ साली कॅलिफोर्नियात एडवर्ड मायब्रिजने ओळीने कॅमेरे लावून दाखवून दिलं, तेव्हापासून आपण डोळ्यांना न दिसणारी ही गोष्ट फोटोत मागत आलो आहोत. १/३० ठेवून घोड्याबरोबर कॅमेरा फिरवला, तर मागची माणसं, टोप्या, भगव्या पताका यांचे आडवे पट्टे होतात आणि त्यातून घोडा वाहत जातो. पाय तर जवळजवळ दिसतच नाहीत.

मी दोन्ही काढून पाहिलेत, आणि एका गोष्टीपाशी माझं मन अडलेलं आहे. ती मोकळी पाठ. १/१००० ला तिच्यावर घातलेलं कापड स्वच्छ दिसतं, त्याची जर दिसते, आणि तिथे कुणी बसलेलं नाही हेही अगदी निःसंशय दिसतं. १/३० ला त्या पाठीवरून मागच्या पताकांचा भगवा ओघळत जातो, धूळ चढते, वरची हवाही हललेली असते. तिथे कुणी नाही, असं शपथेवर सांगायला तो फोटो तयार नसतो. धाव संपल्यावर लोक त्या वाटेवर धावतात, खुरांखालची माती उचलतात, कपाळाला लावतात, पदराच्या टोकात बांधून घेतात. माझ्या शेजारच्या बाईने ती माती आपल्या नातवाच्या कपाळाला लावली आणि उरलेली माझ्या हातावर ठेवली. त्या बाईला त्या पाठीवर कोण दिसलं होतं, याच्याशी इमान राखायचं तर शटर कितीचं हवं? हजाराव्या भागाचं उत्तर खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण ते तिचं नाही, एवढं मला कळतं.

जुन्या लोकांपुढे असा प्रश्न नव्हता, कारण त्यांच्याजवळ हजारावा भागच नव्हता. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाडांचे बंधू नारायण दाजी त्या पहिल्या पिढीतले छायाचित्रकार. काचेवर कलोडियनचा थर द्यायचा, ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, लेन्सचं झाकण काढायचं, मनात आकडे मोजायचे, झाकण लावायचं आणि थर सुकायच्या आत धावत जाऊन काच धुवायची. मुंबईच्या उकाड्यात ती सुकायला वेळ लागत नसे. शटर म्हणजे तो मनातला आकडा. समोरची माणसं तेवढा वेळ निश्चल बसत. आपल्या घराघरांतल्या भिंतींवरचे पणजोबा इतके करारी दिसतात त्याचं थोडं श्रेय त्या मोजणीला द्यायला हवं. इतका वेळ हसू टिकत नाही, करारीपणा टिकतो. त्या फोटोंत क्षण नाहीच. काही सेकंदांचं एक माणूस आहे. त्यात त्याचा श्वास आहे, पापण्यांची उघडझाप आहे, आणि ते सगळं एकावर एक बसून झालेला तो चेहरा आहे. कदाचित म्हणूनच त्या डोळ्यांसमोरून हलणं जड जातं.

दादासाहेब फाळक्यांचं मला यात फार अप्रूप वाटतं. सिनेमा करण्याआधी ते गोध्र्याला फोटोग्राफीचा धंदा करत होते. १९१२ साली लंडनहून त्यांनी विल्यमसन कॅमेरा आणला, हाताने फिरवायचा. त्यात शटरचा वेग आणि काळाचा वेग दोन्ही एकाच मनगटात. आणि त्यांनी आधी काय टिपलं, तर कुंडीतल्या वाटाण्याची वाढ. रोज थोडी थोडी फिल्म, दिवसामागून दिवस, मग पडद्यावर तो अंकुर पाहता पाहता मातीतून वर आला. घोडा अडवायला हजारावा भाग लागतो आणि वाटाण्याला कित्येक दिवस लागतात, हे त्यांनी कुठल्या कागदावर वाचलेलं नव्हतं. त्यांना त्या रोपाजवळ बसून ते ठरवावं लागलं. पुढे दादरला ‘राजा हरिश्चंद्र’चं चित्रीकरण चाललं तेव्हा सगळा भरवसा उन्हाचा. सरस्वतीबाई पांढरी चादर धरून ते ऊन नटांच्या चेहऱ्यांवर वळवत उभ्या राहत, असं सांगतात. उन्हात तासन् तास चादर तोलून धरणाऱ्या त्या बाईंना प्रकाश किती आहे ते दंडांनी कळत असणार.

अमेरिकी छायाचित्रकार अन्सेल अॅडम्सची गोष्टही अशीच देहात मुरलेल्या माहितीची. १९४१ च्या शरदात न्यू मेक्सिकोतल्या हर्नान्डेझ गावावर चंद्र उगवला होता आणि मावळतं ऊन दफनभूमीतल्या पांढऱ्या क्रुसांवरून सरकत होतं. तो गाडी थांबवून धावला, भला मोठा कॅमेरा उभा केला, आणि मीटर काही सापडेना. ऊन निघून चाललेलं. त्याला चंद्राची तेजस्विता ठाऊक होती. त्यावरून त्याने मनातल्या मनात हिशेब केला. एफ/३२, एक सेकंद. दुसरी फिल्म घालेपर्यंत क्रुसांवरचं ऊन गेलं होतं. ते एकच निगेटिव्ह उरलं. लोक या गोष्टीतल्या घाईवर बोलतात. मला त्याआधीची वर्षं दिसतात, ज्यांत एक माणूस रात्री-बेरात्री चंद्राकडे त्याचा उजेड किती म्हणून बघत राहिला.

घाई मुळीच नसलेली एक जागा म्हणजे काजव्यांचं रान. मे सरता सरता, वळवाचे दोन-चार शिडकावे झाले की भंडारदऱ्याच्या बाजूला हिरडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर काजवे येतात. त्यांचा फोटो अंधारात निघतो, पण ठरवावा लागतो उजेडी. अंधार पडला की कॅमेऱ्याला झाड दिसत नाही, फोकस सापडत नाही. म्हणून दिवस असतानाच जायचं, झाड निवडायचं, तिपाई रोवायची, खोडावर फोकस लावायचा आणि लेन्सचं कडं हलू नये म्हणून त्यावर चिकटपट्टी मारायची. मग काहीच करायचं नसतं. गुरं परतून गेलेली, दगड दिवसभराची ऊब सोडत असतात, पावशा ओरडून ओरडून गप्प होतो. काजवे येतील की नाही, याच झाडावर येतील की पलीकडच्या, हे माहीत नसताना सगळं ठरवून बसायचं. मला तो काळ फोटोपेक्षा प्रिय आहे. चिकटपट्टी लावली की आता काही बदलायचं नाही, या भावनेत एक मोकळेपण असतं.

अंधार दाटला की एक चमकतो, मग फांदीभर, मग सगळं झाड एका तालात पेटतं आणि विझतं. त्या विझण्यात अर्धी गंमत आहे. फोटोत मात्र विझणं येत नाही. शटर तीस सेकंद उघडं ठेवलं तर तीस सेकंदांतलं सगळं चमकणं गोळा होतं, मधला काळोख गोळा होत नाही. असे पुष्कळ फोटो एकावर एक चढवण्याची आता पद्धत आहे. त्यातून अख्खं रान सोन्याच्या कणांनी भरलेलं दिसतं. तो प्रत्येक कण खरा असतो, कुठल्या तरी काजव्याने तो खरोखर उजळलेला असतो. पण एवढं लखलखतं रान कुणी कधी पाहिलेलं नाही, खुद्द काजव्यांनीसुद्धा. असे फोटो पाहून येणारी माणसं तिथे आल्यावर विचारतात, एवढेच? आणि मग नीट दिसावं म्हणून विजेरी लावतात. ज्याला त्या उजेडातून मादीला खूण करायची असते त्या जिवाच्या तोंडावर तो झोत पडतो. मी शटर एकदाच उघडून काढलेला फोटो ठेवतो. त्यात काजवे थोडे असतात आणि अंधार पुष्कळ. तिथे तो तसाच होता.

हे सगळं ठरवणं आता फोनने अंगावर घेतलं आहे. त्याच्या लेन्सचं छिद्र बहुधा बदलतच नाही. कॅमेरा उघडल्याबरोबर तो आतल्या आत चित्रं साठवू लागतो आणि आपण बटण दाबलं की त्यांतली काही एकमेकांत मिसळून एक हाती देतो. याची मला तक्रार नाही. ज्या घरात आयुष्यात एक लग्नाचा आणि एक रेशनकार्डाचा फोटो निघायचा, त्या घरातल्या पोरी आज आपल्या आईचे चुलीजवळचे, बांधावरचे, हसतानाचे फोटो काढतात. हे फार मोठं काम झालं आहे. मला काळजी वाटते ती कातडीची. फोनने कुणाच्या चेहऱ्यावर किती उजेड घालायचा हे कुणीतरी दूरवर बसून आधीच ठरवलेलं असतं, आणि ते ठरवणाऱ्यासमोर मंगळवेढ्याची ज्वारी काढणारी बाई नव्हती.

हे पूर्वीही झालेलं आहे. कोडॅकने प्रयोगशाळांना रंग जुळवायला पाठवलेल्या नमुना-पत्रांवर वर्षानुवर्षं एक गोरी बाई असे. तिचं नाव शर्ली, म्हणून ती शर्ली कार्डं. तिची कातडी बरोबर छापली गेली की सगळं बरोबर, असा तो हिशेब. तपकिरी छटा नीट येत नाहीत ही तक्रार ऐकली गेली ती लाकडी सामान आणि चॉकलेट विकणाऱ्यांची. आपल्याकडे तर स्टुडिओवाल्यांना सांगावंही लागत नसे. लग्नाच्या मुलीचा दाखवायचा फोटो म्हटला की पावडर, समोरून दिवे, निगेटिव्हवर पेन्सिल, छापताना आणखी थोडा उजळ. किती सावळ्या मुलींना आपला स्वतःचा रंग फोटोत एकदाही भेटला नसेल! आज तेच काम फोनमधली ‘ब्यूटी’ची कळ करते, तीही न विचारता. म्हणून माझ्या ओळखीतल्या मुलींना मी एवढंच शिकवतो: पडद्यावर चेहऱ्याला बोट लावा, मग उजेडाची पट्टी थोडी खाली ओढा. आईचा रंग येईपर्यंत ओढा.

आमच्या आईचा एक फोटो आहे. वडिलांनी काढलेला, मित्राच्या यशिकावर, माजघराच्या दारात. ती उंबऱ्यावर उभी आहे, अंधाराच्या बाजूला, आणि तिच्या मागे भर दुपारचं परसदार. अशा वेळी दोन्ही येत नाहीत. परसासाठी आकडे लावले तर दारात एक काळी आकृती उरते. चेहऱ्यासाठी लावले तर मागचं सगळं जळून जातं. वडिलांनी चेहऱ्यासाठी लावले. तिची हनुवटीवरची गोंदणं दिसतात, नुकतंच हात पुसलेलं ओलं लुगडं दिसतं, आणि तिचा सावळा रंग आहे तेवढा, तसा दिसतो. तिच्या मागे दाराच्या चौकटीभर नुसतं पांढरं आहे. निगेटिव्ह कधीच हरवलं, ही एकच कॉपी राहिली.

आताच्या फोनने परसही दिलं असतं, आणि मला ते हवं होतं, हे खरं आहे. घर विकलं गेलं, विहीर बुजवली, परसाचा दुसरा फोटो नाही. त्या पांढऱ्यात काय होतं यावर आमच्याकडे अजून एकमत नाही. आत्या म्हणते गाय तिथेच बांधलेली असायची. काका म्हणतात गाय आदल्या वर्षीच दिली, तिथे सरपण रचलेलं होतं. दिवाळीत फोटो पुन्हा बाहेर निघाला. आत्याने त्या पांढऱ्या जागेवर बोट ठेवून रहाट कुठे होता ते दाखवलं, तर काकांनी तिचं बोट धरून चांगलं चार अंगुळं डावीकडे सरकवलं, आणि मग दोघंही पारिजातकाच्या आळ्यापर्यंत जाऊन भांडू लागले.